जिवलीताईंच्या घराचं प्रमाण

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या मुख्याध्यापिका सन्माननीय सुषमाताई, संस्थेचे सचिव आदरणीय शैलेशभाई, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, तलासरीहून दोन गाड्या बदलून आलेले माझे जुने विद्यार्थी, माझे सहकारी, स्वयंपाकघरातल्या ताई, पालकवर्ग, आणि समोर चटईवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या मुलामुलींनो,

आपण मला शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, आणि इतकं चांगलं बोललात की मध्येच मला शंका आली, निवृत्त नेमकं कोण होतंय? शैलेशभाई म्हणाले, एकनाथ सरांनी तेहतीस वर्षं चित्रकला शिकवली, पण त्यांचा कधी गोंधळ उडालेला पाहिला नाही. भाई, माफ करा. ही माहिती फक्त फेब्रुवारीपर्यंतची आहे. त्यानंतर मी गोंधळलेलाच आहे, आणि आज तेवढंच सांगायला उभा आहे.

आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या पूर्वी मॅडम तुम्हाला माहीत आहेत. त्या समोर बसल्यात, आणि आता मान खाली घालून हसतायत. जानेवारीच्या शेवटी त्या स्टाफरूममध्ये माझ्याकडे आल्या.

"सर, एका शनिवारी शाळा सुटल्यावर सगळ्यांनी बसून एका गेमची चित्रं काढायची का? छोटासाच कार्यक्रम. निवांत."

मी कागद पुढे ओढला. माझी सवय. "विषय?"

"ज्याला जी जागा आठवेल ती."

"गट? लहान गट, मोठा गट?"

"गट नाहीत. मुलं, पालक, आपण, कुणीही."

"परीक्षक? पारितोषिक?"

"नाही सर."

"मग हे संपणार कधी?"

मॅडमनी जरा विचार केला. "सगळ्यांना घरी जावंसं वाटेल तेव्हा."

आता मला सांगा, ही परवानगी कुठल्या नमुन्यात मागायची? शेवटी मी अर्जावर 'चित्रकला उपक्रम' असं लिहिलं आणि परीक्षकाच्या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं. रकाना रिकामा ठेवायचं धाडस झालं नाही. सुषमाताई, त्या अर्जावर तुमची सही आहे. आज कबूल करतो, मी काय लिहून दिलं होतं ते माझं मलाही कळलेलं नव्हतं.

शनिवारी तीसेक माणसं जमली. मॅडमनी समजावलं ते असं: प्रत्येकाने एका कागदावर एक जागा काढायची. मॅडम मोबाईलवर त्याचा फोटो घेणार आणि कॉम्प्युटरमध्ये चित्राला चित्र जोडणार. मग बटण दाबलं की एक बोटभर माणूस एका चित्रातून चालत दुसऱ्या चित्रात जाईल. तोच गेम. मी विचारलं, "जिंकायचं कसं?" त्या म्हणाल्या, "फिरायचं, सर." पुढे विचारायचं राहून गेलं.

मलाही एक कागद मिळाला. मी तो समोर ठेवला, पेन्सिलीला टोक केलं. पुन्हा केलं. सुचेना! एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना शेकडो मुलं बसवलेला माणूस मी. स्थिरचित्र सांगा, काढतो. संकल्पचित्र सांगा, काढतो. पण 'आठवेल ती जागा' म्हटल्यावर हात पुढे जाईना. आजूबाजूला पोरं तर खिदळत काढत होती. शेवटी मी उठलो आणि ज्या एका कामात माझा हात अडत नाही ते सुरू केलं. बाकांमधून फिरत चित्रं तपासू लागलो.

खिडकीजवळ जिवलीताई बसल्या होत्या. आपल्या शाळेत खिचडी शिजवतात त्या जिवलीताई. भांडी आवरून, पदराला हात पुसून बसल्या होत्या. कागदभर त्यांनी एक कुडाचं घर काढलं होतं. दार असं उंच, की त्यातून हत्ती जावा. अंगणात एक बाई, आणि तिच्या पायाशी वाटाण्याएवढं मूल. मी वाकलो, खिशातून लाल पेन काढलं आणि कोपऱ्यात लिहिलं, 'प्रमाण चुकले.' दाराच्या वरच्या कडेखाली एक रेघही मारली. दार कुठवर हवं ते दाखवायला.

खरं सांगतो, मला वाटलं मी मदत करतोय.

जिवलीताईंनी पेन्सिल खाली ठेवली. उठल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी मॅडमकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "सर, आता हे चित्र तुमच्या दोघांचं झालं. पुढे काय करायचं ते त्यांना विचारून या."

मी? स्वयंपाकघरात? तेहतीस वर्षांत मी त्या दाराच्या आत गेलो नव्हतो. गेलो. जिवलीताई धुतलेलंच पातेलं पुन्हा धूत होत्या.

मी म्हटलं, "ताई, काय चुकलं माझं?"

"तुमचा नाय सर. तुम्ही शिकेल हायेत."

"पण घर केवढं, आणि मूल केवढं! दार एवढं उंच असतं का?"

त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "सर, ता पोर मी हाय. मी रांगत व्हती तवा ता घर तवढाच मोठा व्हता. आता घर नाय. रस्ता रुंद केला, त्याच्यात गेला. मंग मी मोठी झाल्यावर बघाया ता ऱ्हायलाच नाय. मी ल्हान कसा काढू?"

मंडळी, मी तिथे उभा राहिलो. प्रमाण म्हणजे काय हे मी किती मुलांना शिकवलं असेल? ते घर त्यांनी रांगतानाच पाहिलं होतं. मग दाराची उंची मोजायची कुणाच्या डोळ्यांनी? माझ्या? मी म्हटलं, "ताई, मी चुकीचं लिहिलं. दुसरा कागद देतो, पुन्हा काढा."

त्या म्हणाल्या, "कागद कशाला वाया घालवाया?" बाहेर आल्या, बसल्या, आणि माझ्या लाल अक्षरांच्या मिरच्या केल्या. अंगणात वाळत घातलेल्या. दारावरच्या रेघेचं तोरण केलं. मग माझ्या कोऱ्या कागदाकडे बघून विचारलं, "तुम्ही बारीक पोर असताना कुठं ऱ्हात व्हते?"

मी सांगितलं, इथेच, डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. वडील सांधेवाले होते, रुळांचे सांधे बदलायचे.

"मंग ता काढा. खाली बसून बघा."

मी जमिनीवर बसलो, मंडळी. या गुडघ्यांनी. आणि मला वडिलांचा चेहरा आठवेना. पाय आठवले. खाटेखाली बसून मी पाहायचो ते, ड्युटीवरून आलेले, खाकी पँटमधले दोन पाय. डावं पाऊल आत वळलेलं. लहानपणी मोडलं होतं, नीट बसलंच नाही. तेवढेच काढले. कागदभर दोन पाय. मी विद्यार्थ्याला त्यासाठी शंभरात तीस दिले असते.

संध्याकाळी मॅडमनी भिंतीवर गेम दाखवला. बोटभर माणूस कुणाच्या चिकूच्या वाडीतून निघाला, जिवलीताईंच्या दारातून आत गेला, आणि दोन प्रचंड पायांच्या मधून चालू लागला. पोरं टाळ्या पिटत होती. मला शाळेतून घरी न्यायला आमच्या सौ. मनोरमा आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या.

म्हणाल्या, "अहो, हे तर मामंजी!"

लग्नानंतर सहा वर्षं मनोरमाने माझ्या वडिलांचं सगळं केलं. शेवटच्या आजारपणात ते पाय तिने चेपले. आमच्या घरात माझी चौदा चित्रं चौकटीत लावलेली आहेत. त्यांतलं एकही बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलेलं नाही. त्या दिवशी आलं. का, ते मी अजून धड सांगू शकत नाही. आणि त्या गेममध्ये जिंकलं कोण, तेही मला कळलेलं नाही.

मी खूप वेळ घेतला. संस्थेचे, सुषमाताईंचे, पूर्वी मॅडमचे आणि हा समारंभ उभा करणाऱ्या प्रत्येक हाताचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव सुटलं असेल, कुणाला काही लागलं असेल, तर पोटात घाला. आणि इतक्या वर्षांत ज्यांच्या चित्रांना मी न विचारताच चूक म्हटलं, त्यांनी तर आज जेवताना माझ्याजवळ येऊन काय काढलं होतं ते अवश्य सांगावं. मी ऐकेन.

उद्यापासून काय करणार, असं सगळे विचारतायत. पुढच्या रविवारी तलासरीजवळ जिवलीताईंच्या भाचीच्या अंगणात असाच चित्रांचा कार्यक्रम आहे. भरवणार जिवलीताई. त्यांनी मला बोलावलंय. मी विचारलं, "ताई, मी काय म्हणून येऊ? पाहुणा, परीक्षक, की मार्गदर्शक?"

त्या म्हणाल्या, "बसाया या."

म्हणून जातोय. नमस्कार.