आधी बंदचा फोटो

रतनबाई : हात लावायचा न्हाई त्या खोडाला कुनी! भाऊसाहेबांना फोटो काढायचा आसंल, तर पडलंय तसा काढतील.

मंदार : मावशी, पाच मिनिटांचं काम आहे हो. खोड रस्त्यावर आडवं ठेवायचं, मी फोटो काढतो, लगेच परत बाजूला. पंचनाम्यात झाड रस्त्यात दिसायला लागतं.

रतनबाई : रस्त्यातच व्हतं की! रातच्या वाऱ्यानं मुळासकट उपटून टाकलं. पाटंपासनं सारी वस्ती कुऱ्हाडी घिऊन लागली, तवा सातला रस्ता मोकळा झाला. फांद्या आमी बायकांनी वढल्या, हे बगा तळहात! आन आता नवाला येऊन तुमी म्हनता, परत आडवं टाका? लाज कशी वाटत न्हाई वो?

मंदार : तोडायच्या आधी ग्रामपंचायतीला कळवायचं होतं.

रतनबाई : कशावर कळवायचं? तुमच्या त्या ग्रुपवर? तितं तुमच्याबिगर कुनाला लिवता येतंय का? तुमी सांगायचं, आमी वाचायचं.

मंदार : मग फोन करायचा.

रतनबाई : सात येळा केला. उचलला न्हाई.

मंदार : गाडीवर होतो. दोन ग्रामपंचायती आहेत माझ्याकडे. शाळेचे पत्रे उडालेत, खांब पडलेत, वरून साहेबांचे फोन. मी एकटा ग्रामसेवक कुठं कुठं पुरणार?

रतनबाई : ग्रुपवर लिवायला बरे पुरलात! दूधवाल्याचं ऐकून साडेसहाला टाकलंत, 'वरच्या वस्तीचा रस्ता बंद, प्रवास टाळावा.' बरं, तवा बंद व्हता. आन मग?

मंदार : फोटोशिवाय मोकळा कसं लिहू? आधी बंदचा फोटो, मग मोकळ्याचा, मग सूचना. वरती तसंच पाठवावं लागतं. पद्धत आहे ती.

रतनबाई : आग लागो तुमच्या पद्धतीला! त्यापायी आमची जीप आंबवड्याच्या फाट्यावरनं माघारी गेली.

मंदार : कोणती जीप?

रतनबाई : बंटीची. मंगळवारी न् शुक्रवारी ह्यांना भोरला न्ह्याला येती, डायलिसिसला. साडेधाचा नंबर. ते बगा, कवाधरनं दगडावर बसल्यात.

सोनबा : रामराम भाऊसाहेब. पाय लई सुजल्यात, म्हनून उठलो न्हाई. राग मानू नका.

रतनबाई : तुमी कशापायी इनवन्या करताय? त्यांनी तुमच्या पाया पडायला पायजे!

सोनबा : अगं, त्येंची बी नोकरी हाय.

रतनबाई : आन तुमचा जीव? त्यो काय वाऱ्यावर आलाय?

मंदार : मावशी, शपथ सांगतो, मला खरंच माहीत नव्हतं.

रतनबाई : इचारलंत कदी? घरपट्टीची यादी तोंडपाठ हाय तुमाला. वस्तीवर आजारी कोन, कुनाला कवा दवाखान्यात जायाचं, त्याची केली का एक यादी?

मंदार : थांबा, बंटीला लावतो. ...हॅलो बंटी, ग्रामपंचायतीतून बोलतोय. रस्ता चालू आहे, ये वर. ...अरे, ते सकाळचं होतं. ...कुठं? ...बरं.

रतनबाई : काय म्हनला?

मंदार : दुसरं भाडं मिळालं त्याला. पाहुणे घेऊन पानशेतला निघालाय.

रतनबाई : मिळंल न्हाईतर काय! त्यानं का म्हनून थांबावं?

मंदार : बाबा, माझ्या मोटरसायकलवर बसा. मी नेतो. फक्त दवाखान्यात कळवून ठेवतो. ...नमस्कार, सोनबांना घेऊन येतोय, साडेदहाचा नंबर आहे. ...नाही नाही, रस्ता चालू आहे. ...कुणी सांगितलं? ...हो. ते मीच लिहिलं होतं.

रतनबाई : काय म्हनले दवाखान्यातले?

मंदार : बंटीनं त्यांना कळवलं, रस्ता बंद आहे म्हणून. मशीन दुसऱ्या पेशंटला लावलं. आज जागा नाही. परवा सकाळी या म्हणाले. तोवर पाणी अगदी घोटभर द्यायचं. धाप लागली तर थांबायचं नाही, थेट पुण्याला.

रतनबाई : परवा? मागल्या डायलिसिसला आज चौथा दिस हाय, भाऊसाहेब! रात्री आडवं झोपता येत न्हाई ह्यांना, भितीला टेकून बसत्यात. परवा म्हनं! घ्या, काढा आता फोटो. ह्या मानसाचा काढा. त्यो पाठवा तुमच्या सायबाला!

मंदार : मी आत्ता टाकतो ग्रुपवर. रस्ता मोकळा. फोटो नको न् काही नको.

रतनबाई : आता कुनासाठी टाकताय?

सोनबा : टाकू दे गं. दुसऱ्या कुनाला जायाचं आसंल. तू हात दे मला, घरी जाऊ. आन रतने, परवापातुर म्या पानी मागितलं, भांडलो, तरी देऊ नगंस.