बोर्डावर सगळं जागेवर

हर्षद : अहो, पण शुक्रवारी सापडली ना ती गोटी? मला सुपरवायझरचा मेसेज आला होता. 'दहाची गोटी मिळाली, शिफ्ट सुटली.' तुम्हीच शोधून काढलीत म्हणे.

एकनाथराव : मी मिळाली म्हणून बोललो, साहेब. मिळाली नव्हती.

हर्षद : म्हणजे?

एकनाथराव : बोर्डावर आता जी टांगलेली आहे, ती माझी. घरची. अफझलगंजच्या दुकानातून आणलेली.

ऋचा : हर्षद, त्यांना बसू तरी दे आधी. काका, या ना आत. रविवारी सकाळी काचीगुड्याहून दोन बस बदलून आलात, आणि दारातच उभे!

एकनाथराव : नक्को, ताई. बसलो तर चहा येईल, चहा आला की इकडचं तिकडचं बोलणं निघेल, आणि मग माझ्या तोंडून काही निघायचं नाही. दोन रात्री असंच चाललंय. बायको विचारून परेशान झाली.

ऋचा : बरं, नका बसू. पण गोटी म्हणजे काय ते सांगा मला. मला खेळातलीच माहीत आहे.

एकनाथराव : नट आवळायच्या पान्याला पुढं लावतात ती. पोलादी, बोटाच्या पेराएवढी. दहाची म्हणजे दहाच्या नटाला बसणारी.

ऋचा : आणि मग खरी कुठे आहे?

एकनाथराव : विमानाच्या शेपटात.

हर्षद : असं कसं म्हणता? कशावरून शेपटात? बाहेर पडली असेल, झाडूत गेली असेल.

एकनाथराव : शनिवारी कचऱ्याचे तिन्ही डबे जमिनीवर उलटे करून बघितले मी. चाळण घेऊन. ज्यानं त्यानं विचारलं, काय हरवलं? चष्म्याचा स्क्रू, बोललो. आत्ता डोळ्यावर आहे तोच चष्मा, स्क्रूसकट.

ऋचा : हर्षद, हा तोच बोर्ड ना? ज्याचे फोटो तू पुण्याला आईंना पाठवलेस? हत्यारांच्या आकृत्या रंगवलेल्या?

हर्षद : तोच. प्रत्येक हत्याराची आकृती आणि तिच्यावर ते हत्यार. आकृती रिकामी दिसली की काहीतरी हरवलंय, आणि ते मिळाल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. हवाई दलाचं विमान आहे, आत पाना विसरून चालत नाही. बोर्डामुळे एका नजरेत कळतं.

एकनाथराव : हौ. जागा रिकामी आहे की भरलेली, एवढं बराबर कळतं.

हर्षद : टोमणा मारायला आलात का तुम्ही?

एकनाथराव : नाही हो, साहेब. गुन्हा माझा आहे. टोमणा कुठल्या तोंडानं मारू?

हर्षद : मग असं का केलंत? बत्तीस वर्षं रिव्हेट मारताय. नव्या पोरानं केलं असतं तर मी समजू शकलो असतो.

एकनाथराव : भाग्यलक्ष्मीच्या हातून गेली ती. शेपटाच्या आत बसून काम करत होती. साडेपाचला शिफ्ट संपली, बोर्डावर दहाची जागा रिकामी. सगळे शोधायला लागलो. सहा वाजले, साडेसहा वाजले. तिची लेक त्या दिवशी पहिल्यांदा हॉस्टेलला चालली होती. काचीगुड्याहून सव्वासातची गाडी. पोरगी सारखी फोन करत होती, अम्मा कधी येते, अम्मा कधी येते. ही बाई गुडघ्यावर बसून फरशी चाचपडतेय आणि डोळ्यातून पाणी. मला बघवलं नाही, साहेब. माझ्या पिशवीत माझी गोटी होती. ती टांगली आणि ओरडलो, मिळाली!

ऋचा : आणि तिला गाडी मिळाली?

एकनाथराव : मिळाली. काल मला डबाभर पुळिहोरा आणून दिला तिनं. तुमच्यामुळं लेकीला निरोप देता आला, बोलली. तो भात मला गिळवला नाही.

हर्षद : तिला माहीत आहे हे?

एकनाथराव : तिला काही मालूम नाही. तिला वाटतं खरंच मिळाली. सकाळी जल्दी येऊन मी आत उतरणार होतो, शोधून काढणार होतो आणि गुपचूप बदलणार होतो. शनिवारी साडेसहाला पोचलो, तर शेपटाचं झाकण बंद! चारी बाजूंनी रिव्हेट मारून मोकळे.

हर्षद : शुक्रवारच्या रात्रपाळीनं बंद केलं. वेळापत्रकात तसंच आहे.

एकनाथराव : आधी नव्हतं तसं. आधी आतलं काम झालं की दोन दिवस शेपूट उघडं असायचं. कोणी येता-जाता टॉर्च मारायचं, कोणी डोकं घालायचं.

हर्षद : ते दोन दिवस नुसते पडून जात होते, एकनाथराव! शेपूट तिथे बसून राहायचं आणि मागे दुसरी अडायची. मी आणलेल्या 'लीन' पद्धतीचं पहिलं काम तेच, नुसतं पडून राहणं काढून टाकायचं. सगळं जगच आता तसं काम करतं.

एकनाथराव : मी कुठं चूक बोलतो? आमचं काम सोपं झालं तुमच्यामुळं. पाना शोधत हँगरभर फिरायचो मी. आता हात लांब केला की पाना. नुसतं एवढंच सांगतो, की मला वाटलं होतं माझ्याकडे दोन दिवस आहेत.

ऋचा : ते शेपूट आता कुठे आहे?

हर्षद : प्लांटमध्ये. आज एक वाजता ट्रकवर चढणार. जोडणीच्या कारखान्यात जायचंय.

ऋचा : आता साडेनऊ होतायत.

हर्षद : मला घड्याळ दिसतं, ऋचा.

ऋचा : मग चिडतोस कशाला?

हर्षद : चिडू नको तर काय करू? उद्या मोठे साहेब येतायत. शंभर दिवस लाइन एकदाही थांबली नाही, शंभर दिवस हिरवा दिवा, म्हणून येतायत. हार-तुरे, भाषण, सगळं ठरलंय. आणि आज मी फोन करून सांगू, की ट्रक थांबवा, शेपूट फोडा, कारण आमच्या सगळ्यात जुन्या फिटरनं बोर्डावर खोटं हत्यार टांगलं?

एकनाथराव : माझं नाव घ्या ना. मी म्हणूनच आलोय.

हर्षद : बटण होतं ना तुमच्यासमोर? लाल, एवढं मोठं. किती वेळा सांगितलं, खोट दिसली की कोणीही दाबा, मला विचारू नका. लाइन थांबली तरी चालेल, खोट पुढे जायला नको. दाबायचं होतं शुक्रवारी! भाग्यलक्ष्मीला सोडून दिलं असतं मी, बाकीच्यांनी शोधलं असतं.

एकनाथराव : साहेब, शेवटचं ते बटण कोणी दाबलं होतं, आठवतं का?

हर्षद : दत्तोबांनी.

एकनाथराव : हौ. हत्यारांच्या खोलीतला दत्तोबा. एका भोकाची कड फाटलेली दिसली त्याला, दाबलं बिचाऱ्यानं. खोट खरीच होती. दुसऱ्या दिवशी मोठ्या फळ्यावर आलं, 'लाइन बंद, चाळीस मिनिटं, दत्तोबा.' आठ दिवस तसंच. चहाला गेला की पोरं म्हणायची, चाळीस मिनिटं आली.

हर्षद : ते नाव दोष द्यायला नव्हतं लिहिलं. कोणाला काय दिसलं त्याची नोंद होती. तिथून मूळ कारण शोधायचं असतं.

एकनाथराव : तुम्ही तसं लिहिलं असेल. आम्ही तसं वाचलं नाही. त्या दिवसापासून मोजा, शंभरच भरतील.

ऋचा : हर्षद...

हर्षद : थांब जरा. मला विचार करू दे.

ऋचा : कसला विचार? त्या विमानात माणसं बसणार आहेत ना?

हर्षद : समजा, आत नसलीच तर? शेपूट फोडायचं म्हणजे सव्वाशे रिव्हेट ड्रिल करून काढायचे. पुन्हा तपासणी, पुन्हा कागद. आणि आत काहीच नाही निघालं तर? एकनाथराव, तुम्ही मला हे सांगायलाच नको होतं. उद्या संध्याकाळी सांगायचं होतं.

एकनाथराव : उद्या संध्याकाळी ट्रक कुठं असता, साहेब?

हर्षद : माहीत आहे मला ते.

एकनाथराव : शेपटात वायर आहेत, सुकाणू फिरवणारे दांडे आहेत. गोटी घरंगळत जाऊन तिथं बसली, आणि वर कुणी पोरगं विमान वळवायला लागलं... मी डोळे मिटले की मला तेच दिसतं. आठ महिन्यांनी निवृत्त व्हायचंय मला. काढलं तर काढा. पण मी घरी आरामखुर्चीत बसलेला असताना ती बातमी आली, तर मी काय करू?

ऋचा : गाडीची किल्ली टेबलावर आहे, हर्षद. शर्ट बदलायची गरज नाही.

(साडेनऊ ते दीड. या चार तासांत हर्षद कुलकर्णीने आपल्या नोकरीतली सगळ्यात अवघड गोष्ट केली आणि ती करायला त्याला एक सेकंद लागला: रिकाम्या हँगरमध्ये जाऊन त्याने स्वतःच्या हाताने लाल बटण दाबलं. बाकीचा वेळ फोनवर शिव्या खाण्यात आणि रिव्हेट काढण्यात गेला. आता एकनाथराव कमरेपर्यंत शेपटात शिरलेले आहेत आणि साहेब बाहेर, बोर्डापाशी, टॉर्चचे सेल बदलत उभे आहेत.)

हर्षद : काही दिसतंय का?

एकनाथराव : तारा दिसतायत. जरा उजवीकडं सरकतो. साहेब, तुम्ही काही खाल्लंत का?

हर्षद : सकाळपासून पोटात काही नाही.

एकनाथराव : माझ्या पिशवीत पुळिहोरा आहे. खा. मला नाही गेला, तुम्हाला जाईल.

हर्षद : गोटी मिळाली की दोघं मिळून खाऊ. एकनाथराव, एक सांगू? दत्तोबांचं नाव लिहिलं ते चुकलं माझं. त्या फळ्याचा मला अभिमान वाटत होता. आता लाज वाटतेय.

एकनाथराव : त्याला जाऊन सांगा. मला सांगून काय... थांबा. थांबा, हाताला काहीतरी लागतंय.

हर्षद : लागली?

एकनाथराव : फटीत आहे. बोटं पुरत नाहीत. हां. आली.

हर्षद : हुश्श! द्या इकडे. द्या, द्या.

एकनाथराव : साहेब, ही गोटी नाही.

हर्षद : मग?

एकनाथराव : स्क्रू फिरवायचं टोक आहे. बारकं. आपल्याच सेटमधलं. नंबर कोरलाय, अडतीस.

हर्षद : शक्यच नाही. अडतीस नंबर माझ्यासमोर टांगलेला आहे. जागा भरलेली आहे.

एकनाथराव : काढून हातात घ्या. नंबर बघा त्याच्यावर.

हर्षद : ...नाहीये.

एकनाथराव : नीट बघा. बारीक कोरलेला असतो.

हर्षद : टॉर्च लावून बघतोय. नंबर नाही याच्यावर.

एकनाथराव : बोर्ड लागायच्या आधी दत्तोबा रोज संध्याकाळी एकेकाचा नंबर वाचून घ्यायचा. वहीत टिंब करायचा.

हर्षद : बावीस मिनिटं जायची त्यात. मीच बंद केलं. बोर्ड भरलेला दिसला की झालं, म्हटलं.

एकनाथराव : बाकीची पण बघा, साहेब. एकेक काढून.

हर्षद : पक्कड, आहे नंबर. पंच, आहे. हा छोटा पाना... याच्यावर नाही. आठची गोटी, नाही. थांबा हं. आरसा, आहे. हे ड्रिल... एकनाथराव, हेपण कुणाच्या तरी घरचं आहे.

एकनाथराव : किती झाली?

हर्षद : तुमची धरून पाच.

एकनाथराव : मी एकच लावली, साहेब. लेकरांची शपथ घेऊन सांगतो. मला वाटत होतं, असं करणारा मी एकटाच.

हर्षद : मला माहीत आहे तुम्ही एकच लावलीत.

एकनाथराव : हा बोर्ड लागल्यापासून इथून किती शेपटं गेली?

हर्षद : चौदा.

एकनाथराव : आणि त्यातली उडतात किती?

हर्षद : तीन.