चहासंगं दिलेली गोळी

मी मूळचा बोदवडकडचा. बाप केळी कापणाऱ्या टोळीत व्हता, म्हणून मी बी लागलो, अन् पुढं टोळीचा मुकादम झालो, पंधरा गडी हाताखाली. रावेरकडं जायचो. काय सांगू तुम्हाले भाऊ, उन्हात खांद्यावर घड वाह्यचे, अन् गाडी भरेपर्यंत पाणी प्यायची कोणाले सवड नही.

एका सकाळी उजव्या पायाचा अंगठा सुजला, लालभडक, चादर लागली तरी जीव जाय. डॉक्टर म्हने युरिक ॲसिड वाढलं, लघवीवाटे जायचं ते रक्तात साचतं, किडनी बी तपासून घे, अन् मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या आणून खाऊ नको. मी त्यातलं ऐकलं काय, तर खाण्यापिण्याचं. तुरीची डाळ सोडली, मटण सोडलं, गावात पथ्याचा माणूस म्हणून मिरवलो. गोळी मात्र रोज, कारण गोळी खाल्ली का घंट्याभरात पाय चाले. तपासणी राह्यली ती राह्यलीच. मूर्खच मी, दुसरं काय.

माझ्यापुरतं असतं तरी बरं. गाडी भरायच्या आधी टोळीचा चहा व्हतो, त्या चहासंगं मी बठ्ठ्या गड्यायले एकेक गोळी द्यायले लागलो, दुखो का न दुखो. धाकटा भाऊ सुपडू तर दोन मागे. गडी म्हनत मुकादम जीव लावतो, अन् मले बी तसंच वाटे.

मग तोंडावर सूज आली, जेवण जाईना, तव्हा जळगावले नेलं. तिथल्या डॉक्टरनं तपासणीचे कागद पाह्यले. मग म्हने किडन्या निम्म्याच्या वर गेल्या. युरिक ॲसिडनं किडनी बिघडली का किडनी बिघडली म्हणून ते वाढलं, आता सांगता येत नही, पण गोळ्यांनी घात केला. सुपडू शेजारी व्हता, म्हने दादा, घाबरू नको, वेळ आली तर मी देईन एक.

गेल्या आठवड्यात सुपडूचा अंगठा सुजला. मी म्हनलं चाल, रक्त तपासू. तो म्हने ही बाग कापून झाली का जाऊ. माझ्यासमोर चहासंगं गोळी गिळली अन् लंगडत गाडीकडं गेला. आता मी मुकादम नही, पण मी लावलेली सवय टोळीत चालूच आहे. मले त्याची किडनी नको हो भाऊ. त्याची त्याले जन्मभर पुरो, एवढंच देवाजवळ मागतो.