तळघरातले ठोके

(इटलीतलं डोंगरी गाव. भूकंपाला वर्ष होत आलंय. बेघरांसाठी बांधलेल्या लाकडी खोलीत बाप आणि लेक.)

ऑर्नेला : खरं सांगा बाबा. रोज सकाळी आपल्या पडक्या घरात जाता ना?

नझारेनो : कोण म्हणतं? तिथं पहारा असतो.

ऑर्नेला : माझं यंत्र म्हणतंय. धक्के टिपायला आपल्याच तळघरात ठेवलंय ते. रोज सकाळी त्यावर ठोके येतात, दुसऱ्या एकाही यंत्रावर नाहीत. भूकंप इतका शिस्तीचा नसतो.

नझारेनो : तळघरात मुरायला ठेवलेलं चीज बघायला जातो.

ऑर्नेला : ते उंदरांनी केव्हाच फस्त केलं.

नझारेनो : माझ्यावर पाळत ठेवू नकोस. उद्या गावसभेत काय सांगणार ते बोल. घर तिथंच बांधायचं ना? भेग तर वर डोंगरात पडलीय. मेंढ्या नेताना रोज ओलांडतो मी.

ऑर्नेला : वर दिसते तेवढीच नाही ती. नंतरचे बारीक धक्के कुठं, किती खोल झाले ते सगळं मांडून बघितलं. पाव तिरका कापावा तशी ती भेग उतरत थेट गावाखाली येते. आणि गावाखालचा भाग अजून सरकलेलाच नाही.

नझारेनो : म्हणजे?

ऑर्नेला : म्हणजे तो कधीतरी सरकणारच. गाव तिथं पुन्हा बांधायचं नाही. उद्या मी तेच सांगणार.

नझारेनो : स्वतःच्या आईचं घर बुजवायला निघालीस?

ऑर्नेला : माझी आई नव्हती का ती? सांगा ना, काय ठोकता तिथं?

नझारेनो : भूकंपाच्या दिवशी बचावाला आलेल्या जवानांनी सगळ्यांना गप्प उभं केलं. मी हातोडीनं दगडावर ठोकायचो, थांबायचो. ढिगाऱ्याखालून तुझी आई परत ठोकायची. दुपारपर्यंत. मग सगळे म्हणाले, थांबली. पण ऑर्ने, माझा एक कान गेलेला. मलाच ऐकू आलं नसेल तर?

ऑर्नेला : बाबा...

नझारेनो : तुझ्या यंत्राला मांजराची पावलंसुद्धा कळतात म्हणतेस. माझ्या ठोक्यांनंतर कधी काही आलं?

ऑर्नेला : नाही, बाबा.

नझारेनो : नीट बघितलंस?

ऑर्नेला : एकेक दिवस काढून बघितला. मलाही वाटत होतं, काहीतरी येईल.

नझारेनो : हं. हातोडी दाराशी आहे. जाताना तुझ्या गाडीत टाक.