नेस्टोरीचा नंबर

झुहुरा : ते हत्ती राहू द्या हो, ओबादियाभाऊ. सकाळपासून हत्तीच बघतोय आपण. इकडं या, अगदी जवळ या, नाहीतर या वाऱ्यात ऐकू यायचं नाही. अशी गोष्ट ऐकवते की खाली जाऊन जेवताना घास अडकेल हसून.

ओबादिया : ऐकवा ताई, पण लवकर. नेटवर्कसाठी दहा मिनिटं म्हणून टेकडीवर आणलंय तुम्हाला. खाली नदीच्या कोरड्या वाळूत तुमच्या बहिणीनं पिलाव उघडला असेल.

झुहुरा : म्वानाइदीचा पिलाव कुठं पळत नाही. तिच्या हातचं तिची मुलंसुद्धा दोनदा मागत नाहीत. आणि खाली तुमचा दुसरा गाडीवाला फेस्टो आहे ना, त्याची गाडी आहे, बाबा खुर्चीत बसलेत. हं, ऐका. माझं बागामोयोचं सिमकार्ड या जंगलात चालत नाही म्हणाले, म्हणून इरिंगाच्या स्टँडजवळ हे नवीन घेतलं. फोननं विचारलं, निरोपांनाही हाच नंबर लावू का? म्हटलं, लाव बाबा. तर त्या दिवसापासून एक म्हातारी मला रोज गाणं म्हणून दाखवते!

ओबादिया : गाणं?

झुहुरा : रोज उजाडता उजाडता एक. कोण, कुठली, अल्लाला ठाऊक. भाषा तुमच्याकडची कुठलीतरी, एक अक्षर कळेल तर शपथ. पण आवाज काय गोड हो! म्हटलं, एवढ्या वयात ही माझ्या मागं लागली, मी बाप्या असते तर लग्नच केलं असतं. आजचं आत्ता आलं बघा, रेंज मिळाल्याबरोबर. धरा कानाला... हसा की! काय झालं? भाऊ?

ओबादिया : परत लावा.

झुहुरा : तुम्ही ओळखता हिला?

ओबादिया : परत लावा, ताई.

झुहुरा : लावते, लावते. हे घ्या.

ओबादिया : ही किहेहे आहे. माझ्या गावची बोली. आणि ही नेस्टोरीची आई. चर्चमध्ये पहिली ओळ हीच उचलते, मग आम्ही सगळे मागं.

झुहुरा : मग मला कशाला गाऊन दाखवते?

ओबादिया : तुम्हाला नाही. हा नंबर नेस्टोरीचा होता. माझ्यासारखाच गाडीवाला. दोन वर्षं झाली त्याला जाऊन.

झुहुरा : या अल्ला! आणि मी हसत होते...

ओबादिया : गाडीत बसा.

झुहुरा : काय म्हणतेय ती? रडतेय का?

ओबादिया : बसा आधी. दार लावा. पाठवलंय किती वाजता, ते बघा.

झुहुरा : सहा पन्नास.

ओबादिया : आता?

झुहुरा : अकरा वीस. भाऊ, गाडी हळू! मला सांगा तरी काय म्हणतेय ती.

ओबादिया : आधी देवाचं गाते. ‘दयाळा, तुझ्या ओंजळीतले आम्ही दाणे, वारा सुटलाय, ओंजळ उघडू नको.’ मग त्याच चालीवर नदीचं. ‘लेकरा, रात्रभर डोंगरावर कोसळलाय. पाणी उंबराच्या मुळांवर चढलं. आख्खी झाडं वाहत चाललीत. आज वाळूत पाय ठेवू नको.’

झुहुरा : पाणी? खाली ठणठणीत वाळू आहे! इद्दी आणि सालमा घरं बांधतायत तिच्यात!

ओबादिया : तिचं गाव नदीच्या वर, डोंगराला चिकटून. तिथलं पाणी इथं यायला पाच तास लागतात. कधी थोडे कमी.

झुहुरा : पण आभाळ बघा की, ढगाचा ठिपका नाही.

ओबादिया : त्या दिवशीही नव्हता. फेस्टोचा फोन लागतो का बघा.

झुहुरा : नाही. म्वानाइदीचाही नाही. निरोप पाठवला, एकच टीक. एकच टीक आहे हो!

ओबादिया : वाळूत रेंज नाही. वायरलेस?

झुहुरा : कुठलं बटण? हे? नुसतं खरखरतंय.

ओबादिया : फेस्टोनं त्याचा बंद करून ठेवलाय. जेवताना पाहुण्यांच्या कानाशी नको म्हणून तो बंद करतो. मी भोंगा दाबून धरतो. तुम्ही खिडकीला डोकं लावू नका, रस्ता वाईट आहे.

झुहुरा : भोंग्यानं हत्ती चिडतील म्हणाला होतात सकाळी.

ओबादिया : हत्ती आता नाहीत तिथं. मघाशी मी तेच बघत होतो. सकाळपासून सोंडेनं खड्डे खणले, पाणी लागलं, आणि न पिताच सगळा कळप वरच्या काठाला निघाला. मला वाटलं, सिंह असेल.

झुहुरा : म्हणजे त्यांना कळलं.

ओबादिया : त्यांना पायातून कळतं. आमच्याकडं नेस्टोरीची आई होती. नदीकाठचे सगळे गाडीवाले तिच्या निरोपावर वाळूत उतरायचे. बोललेलं नेस्टोरी लहानपणापासून ऐकत नसे, गायलेलं ऐकायचा. म्हणून ती गायची. रोज सकाळी त्याच्या फोनवर, आणि तो आम्हाला सांगायचा. आज वाळू तुमची, किंवा आज नदी तिची.

झुहुरा : मग तो गेला कसा?

ओबादिया : ते बघा, काठ आला. उतरा. मुलांना हाका मारा, तुमच्या आवाजाला येतील. फेस्टो! ए फेस्टो! सगळ्यांना वर काढ!

फेस्टो : काय रे, लग्नाची वरात आणलीस का? केवढा भोंगा! बाबांच्या हातातली कॉफी सांडली.

ओबादिया : पाणी येतंय! माणसं वर काढ!

फेस्टो : कुणी सांगितलं?

ओबादिया : नेस्टोरीच्या आईनं.

फेस्टो : अरे देवा! दोन वर्षं मेलेल्या पोराला निरोप धाडतेय ती बाई. तिच्या शब्दावर पाहुण्यांना ताटावरून उठवू?

झुहुरा : म्वानाइदी! भांडी टाक! टाक म्हणते ना! इद्दीला घे, सालमा, तू माझ्याकडं पळ. चप्पल राहू दे! बाबा, उठा, हात द्या माझ्या खांद्यावर. नाही, खुर्ची नको. बाबा, भांडण वर जाऊन करू, हवं तेवढं करू.

ओबादिया : तिघं आली. ताई, मुलांना त्या दगडाच्याही वर न्या. बाबा, माझा हात धरा, शाब्बास. चला. फेस्टो, तू काय करतोयस?

फेस्टो : मागची दोन चाकं रुतलीत. दहा मिनिटांत काढतो.

ओबादिया : गाडी सोड.

फेस्टो : सोड काय सोड? मालकाला काय सांगू, म्हातारी गायली म्हणून गाडी टाकून आलो? उद्यापासून घरी बसवेल मला. फावडं आहे, फळ्या आहेत. बघ ना इकडं, मुंगीसुद्धा भिजलेली नाही.

ओबादिया : फेस्टो, ती त्या दिवशीही खरंच बोलली होती.

फेस्टो : कुठल्या दिवशी?

ओबादिया : नेस्टोरी गेला त्या दिवशी. सगळे म्हणाले, आईचा निरोप त्या दिवशी आलाच नाही. आला होता. मी पाहिला.

फेस्टो : काय बोलतोस?

ओबादिया : त्याच टेकडीवर. त्याच्या फोनवर निरोप आला, आणि नुसतं गोल गोल फिरत राहिलं. उघडेना. निरोप आल्याचं दाखवण्यापुरता डेटा उरला होता, गाणं उतरवायला संपला होता. आणि तो मी संपवला होता. आदल्या संध्याकाळी फोन मागून घेतला आणि आख्खा सामना बघितला, जादा वेळेसकट.

फेस्टो : त्याला सांगितलंस?

ओबादिया : नाही. तो म्हणाला, आज काय झालंय याला, जाऊ दे, आई गातच असेल, संध्याकाळी ऐकू. मी उभा होतो शेजारी. नुसतं म्हणायचं होतं की बाबा, मीच संपवला, कुणाच्या तरी फोनवरून आईला लाव. लाज वाटली. गप्प बसलो. तो उतरला वाळूत, असाच. गाडी रुतली, अशीच. म्हणाला, दहा मिनिटांत काढतो.

फेस्टो : दोन वर्षं तू... आपण दोघं एका ताटात जेवतो, ओबादिया.

ओबादिया : वर ये, मग काय ते बोल. मार मला. पण वर येऊन मार.

झुहुरा : तो आवाज कसला? भाऊ, वाऱ्याचा आवाज आहे का तो? झाडं तर हलत नाहीत.

ओबादिया : फेस्टो, फावडं टाक!

झुहुरा : पक्षी उठले सगळे! त्या वळणावर ते तपकिरी काय आहे? ती वाळू आहे ना? भाऊ, ती वाळूच आहे ना?

फेस्टो : हात दे! ओबादिया, हात दे!

ओबादिया : धरला. मागं बघू नकोस. मुळी धर. चढ. चढ!

(टेकडीवर, तासाभरानं. झुहुराचा फोन वाजतो.)

झुहुरा : हॅलो?

नेस्टोरीची आई : आजच्या गाण्याच्याही टिका निळ्या झाल्या. कोण आहे तिकडं?

झुहुरा : आई, मी झुहुरा. बागामोयोची, शिवणकाम करते. मला तुमची बोली येत नाही.

नेस्टोरीची आई : स्वाहिलीत बोलते, थांब. मोडकी आहे माझी, सांभाळून घे. नंबर नवा घेतलास?

झुहुरा : चार दिवस झाले. मला ठाऊक नव्हतं हो, हा कुणाचा ते.

नेस्टोरीची आई : तुला कसं असणार? दोन वर्षं एकच टीक यायची. चार दिवसांपूर्वी दोन आल्या. घरातले म्हणाले, आता पुरे कर, कुणा परक्याला कशाला त्रास. म्हटलं, परक्यांना पाणी बुडवत नाही का? तुम्ही वाळूत होतात?

झुहुरा : होतो. वर आलोत सगळे.

नेस्टोरीची आई : मोजलेस?

झुहुरा : मोजले.

नेस्टोरीची आई : पुन्हा मोज. मला ऐकू येईल असं.

झुहुरा : बाबा. म्वानाइदी. इद्दी. सालमा. फेस्टो. ओबादियाभाऊ. आणि मी. सात. गाडी गेली, आई. कागदाच्या होडीसारखी फिरली आणि गेली.

नेस्टोरीची आई : जाऊ दे. गाडीसाठी कुणी रडत बसत नाही. ओबादिया म्हणालीस? आमचा ओबादिया? मयताला आला होता, त्यानंतर माझ्या दारात पाय ठेवला नाही. रविवारीसुद्धा पलीकडच्या चर्चला जातो म्हणे. दे त्याला.

ओबादिया : आई, नमस्कार करतो.

नेस्टोरीची आई : देवानं सांभाळलं, लेकरा. माझं गाणं तूच समजून सांगितलंस ना त्यांना?

ओबादिया : मीच. आई, एक सांगायचंय. फेस्टोला सांगून झालंय, आता तुम्हाला नाही सांगितलं तर हा डोंगरसुद्धा मला उभं राहू देणार नाही. त्या दिवशी तुमचा निरोप नेस्टोरीला पोचला होता. उघडला नाही. त्याच्या फोनमधला डेटा मी आदल्या दिवशी संपवला होता. फुटबॉल बघून. आणि त्याला बोललो नाही... आई? ऐकताय ना?

नेस्टोरीची आई : ऐकतेय.

ओबादिया : काहीतरी बोला. शिव्या द्या.

नेस्टोरीची आई : कोण जिंकलं?

ओबादिया : काय?

नेस्टोरीची आई : त्या सामन्यात. कोण जिंकलं?

ओबादिया : आठवत नाही, आई.

नेस्टोरीची आई : फोन त्या मुलीला दे.

झुहुरा : आई, मी आहे. ते खाली बसलेत.

नेस्टोरीची आई : बसू दे. त्याचा न्याय करायला मी कोण? पण आज मला त्याच्याशी बोलवत नाही. बाळ, हे कार्ड घरी गेल्यावर काढून टाकशील?

झुहुरा : नाही, आई. टाकणार नाही.

नेस्टोरीची आई : तुझं तू बघ. एक मागते. तुमची प्रार्थना निराळी, आमची निराळी, ऐकणारा ऐकतोच. तू हात उचलशील तेव्हा एकदा नेस्टोरीचं नाव घे. सत्तावीस वर्षांचा होता. हसला की आधी खांदे हलायचे. ओबादियाला हे सांगायला नको, त्याला विसरता येणार नाही. तू मात्र त्याला पाहिलेलं नाहीस, तू विसरशील. म्हणून तुला सांगते.