कस्तुराबाईच्या कॉम्प्युटरची नक्कल

यशोधरा : झालं आबा. अख्ख्या कॉम्प्युटरची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल घेतली आणि या नव्या डिस्कवर उतरवलीसुद्धा. आता जुनी बंद पडली तरी काळजी नाही.

भिकाजी : चालवून दाव.

यशोधरा : चालेल हो. हिरवी खूण आलीये ना.

भिकाजी : लोनावळ्याला घाट उतरायच्या आदी गाडीचे ब्रेक तपासायचो मी. छत्तीस वर्सं. कुनी म्हनायचं, मागच्या ठेसनात तपासल्यात. मी म्हनायचो, आसतील, हितं पुन्यांदा दाब.

यशोधरा : पण चालवून बघायचं तर जुनी डिस्क काढावी लागेल. आधीच ती टकटक करतेय. काढता-घालताना गेली तर?

भिकाजी : म्हंजी नव्या डिस्कवर तुजाबी भरवसा न्हाई.

यशोधरा : काढते. पण एक सांगू? आजीनं सुईण म्हणून केलेली बाळंतपणं, पोरांची नावं, जन्मवेळा, एवढंच आहे ना यात? सगळं छापून देते. कुणी जन्मवेळ विचारायला आलं की कागद बघायचा.

भिकाजी : कागदावर पोरांची नावं येतील. उगडताना ती जे इचारती, ते कुटनं येनार?

यशोधरा : ते 'हात धुतले का?'

भिकाजी : तुज्या बापानं कॉम्प्युटरचा कोर्स करताना ह्यो प्रोग्राम लिवला, तवा तिनं हट्टानं घालाय लावलं. 'होय' दाबल्याबिगर फुडं जाताच येत न्हाई. आता त्यालाच, राजेंद्रला, म्हनलं पुन्यांदा लिव, तर म्हनतो, माजं मलाच उमगत न्हाई. नव्या कॉम्प्युटरवर ह्यो प्रोग्राम चालत न्हाई. ती जाऊन चार वर्सं झाली, यशू. रोज सकाळी येकदा उगडतो मी. घरात मला काय इचारनारं दुसरं कोन हाये?

यशोधरा : ...घ्या, काढली. पंच्यात गुंडाळा. कपाटात नको हं.

भिकाजी : न्हाई आता. तुज्या भावानं, अतुलनं, मागं अशीच करून दिल्याली डिस्क मीच भाजली. ओल लागू नये म्हनून बल्ब लावल्याल्या कपाटात, तिच्या लुगड्यांत ठिवली, आख्खा पावसाळा. दिवाळीला लावून बगितली तर मुकी.

यशोधरा : नवी जोडली. चालू करते.

भिकाजी : पडदा काळाच हाये.

यशोधरा : हो.

भिकाजी : येक रेघ लुकलुकती नुसती.

यशोधरा : माझंच चुकलं. या डिस्कचे दोन भाग आहेत. फायलींचा मोठा भाग घेतला. कॉम्प्युटर ज्यानं जागा होतो, तो छोटा भाग निवडायचाच राहिला. आणि हिरवी खूण बघून मी निघायला लागले होते. जुनी परत लावते आबा. पुढच्या रविवारी तळेगावहून सकाळीच येते.

भिकाजी : जुनी आज चालू हाये. फुडच्या ऐतवारी आसंल?

यशोधरा : सांगता येत नाही.

भिकाजी : मग आजच. चुकलं ते हितं चुकलं, घाटात न्हाई. तू लाव, मी च्या ठिवतो. आईला फोन कर, फुडच्या गाडीनं येती म्हनावं.

(अडीच तासांनी. चहाचे दोन कप रिकामे.)

यशोधरा : दोन्ही भाग घेतले. तीनदा बघितलं. जुनी कुठे आहे?

भिकाजी : माज्या मांडीवर.

यशोधरा : चालू करते.

भिकाजी : रेघ आली बग पुन्यांदा.

यशोधरा : थांबा... गेली. आबा, आलं. आजीनं लावलेलं ते जास्वंदीचं चित्रसुद्धा आलं.

भिकाजी : ही नव्या डिस्कवरनंच चालतीया ना?

यशोधरा : जुनी तुमच्या मांडीवर आहे की.

भिकाजी : व्हय. मग तिचं उगड.

यशोधरा : तुम्ही उघडा. दोनदा दाबा त्याच्यावर.

भिकाजी : ...इचारलं.

यशोधरा : मग दाबा ना 'होय'.

भिकाजी : कसं दाबू? सकाळपासनं ह्या डब्याची धूळ काढतोय. थांब, हात धुवून येतो.