न्येपीच्या दिवसाची लाइन

(बाली बेटावरचं देनपसार. रुग्णालयाचा नेटवर्क विभाग. लुह सुकेर्तीची बदली झाली आहे. तिच्या जागी जावाहून आलेला दानांग काम समजून घेतो आहे. तो तिला ‘म्बोक’, म्हणजे ताई, म्हणतो.)

दानांग : आणि हे काय, म्बोक? सेटिंगच्या यादीत ‘कारण’ या रकान्यात तुम्ही लिहिलंय, “हात लावू नका.”

लुह : मग लावू नकोस.

दानांग : अहो, हे कारण नाही, दम आहे.

लुह : इतकी वर्षं पुरला की.

दानांग : आता नाही पुरणार. ज्या सेटिंगचं कारण लेखी नाही, ते शुक्रवारी काढून टाका, असं साहेबांनी बजावलंय. आणि डोंगरावरच्या दवाखान्याची ही रेडिओची लाइन तर कायम गप्प पडलेली. तिथे मोबाइलचं नेट झकास चालतं. मग हे शेपूट कशाला?

लुह : न्येपीच्या मौनाच्या दिवशी काय केलंस तू?

दानांग : काय करणार! दिवे बंद, रस्ते बंद. खोलीत बसून गार भात खाल्ला. पडदा जरा सरकला, तर गावचा राखणदार दारात हजर.

लुह : मग फोनवर सिनेमा बघायचास.

दानांग : कसला सिनेमा? अख्ख्या बेटावर मोबाइलचं नेट बंद... अरेच्चा.

लुह : पडला उजेड?

दानांग : म्हणजे दवाखान्याचंही बंद!

लुह : दवाखाना चालू, नेट बंद. पेशंटच्या हृदयाचा आलेख इथल्या डॉक्टरांना पाठवायचा कसा? वर्षातल्या त्या एका दिवसासाठी ही लाइन.

दानांग : मग एवढं लिहायला काय झालं होतं? शुक्रवारी मी तोडून मोकळा झालो असतो!

लुह : लिहिलं की लोक विचारतात, त्याच दवाखान्याला का?

दानांग : का?

लुह : माझं माहेर आहे त्या गावात.

दानांग : ओहो!

लुह : बघ, हाच चेहरा सगळ्यांनी केला असता. बाईने रुग्णालयाच्या पैशाने माहेरची सोय लावली म्हणून.

दानांग : लावली का?

लुह : उशिरा लावली. न्येपीच्या सकाळी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. नर्सने आलेख काढला, पण पाठवणार कशी? नुसता फोन लागत होता. इथले डॉक्टर त्यावर म्हणाले, ऐकून तरी पित्त वाटतंय. मी इथेच होते, डॉक्टरांच्या शेजारी. एवढी यंत्रं चालू, आणि तो एक कागद काही येईना. संध्याकाळी बाबा गेले. अजून राग येतो मला, आणि काढायचा कोणावर ते कळत नाही.

दानांग : ...मी शेपूट म्हणालो. चुकलो, म्बोक.

लुह : तुला कुठे माहीत होतं? मीच लिहिलं नाही ना.

दानांग : पण बाकीचे दवाखाने काय करतात त्या दिवशी?

लुह : त्यांना जमिनीतून केबल आलीये. केबल नसलेला हा एकच.

दानांग : मग माहेराचा काय संबंध? हेच लिहू या. सांगा, मी टाइप करतो.

लुह : “या दवाखान्यापर्यंत केबल नाही. न्येपीला मोबाइलचं नेट बंद असतं. त्या दिवशी आलेख पाठवायचा हा एकच मार्ग. एरवी रिकामी दिसली तरी लाइन काढू नये.”

दानांग : साहेब म्हणतील, एका दिवसासाठी एवढा खटाटोप?

लुह : मग खाली लिही, “लाइन नव्हती तेव्हा एक माणूस दगावला.”

दानांग : एक माणूस काय? ‘लुह सुकेर्तींचे वडील’ असं लिहितो. कळू दे की साहेबांना.

लुह : नको. तसं लिहिलंस तर पुढे कोणीतरी म्हणेल, तिचे वडील तर गेले, आता लाइन कशाला?